भिंतीबाहेर कोण?

युजीन आयनेस्कोच्या ‘ऱ्हायनोसेरॉस’मध्ये (१९५९) गावातली माणसं एकेक करून गेंडे होतात. प्रत्येकाकडे कारण असतं: मित्र गेले, साहेबही गेले, मग मीच का थांबू? रुमानियात ओळखीचे लोक फॅसिस्टांकडे वळताना आयनेस्कोने पाहिले होते. तरी त्याने बेरांजे हा एक माणूस शिल्लक ठेवला.

तेंडुलकरांनी ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) तेवढाही दिलासा दिला नाही. तिथली बारा ब्राह्मणांची भिंत गाते, डोलते, नानांचे चाळे झाकते. शेवटी घाशीरामला ठेचणारा जमाव त्याच पुण्याचा, नाना सहीसलामत.

म्हणून मला हे नाटक जास्त घाबरवतं. पेण-रोह्याच्या आमच्या मित्रांच्या ग्रुपवर कुणाला शिंग फुटत नाही, फक्त अंगठे उमटतात. पेणमध्ये एका साच्यातून कितीतरी गणपती निघतात. डोळ्यांची आखणी मात्र हातानेच होते. निदान नजर तरी आपली आपणच आखावी.