ओला हात, झिजलेलं बोट

मालवणच्या मासळी बाजारात बांगडे साफ करणाऱ्या मावशीचा फोन वाजला की ती आधी हात पुसते, मग स्क्रीनला बोट लावते. तरी फोन पटकन उचलला जात नाही. स्मार्टफोनची स्क्रीन दाबल्याने चालत नाही. बोटामुळे काचेवरचा विद्युतभार किंचित बदलतो, तेवढंच तिला कळतं. खाऱ्या पाण्याचा थेंबही तोच बदल घडवतो, मग तिचा गोंधळ उडतो. बटणांच्या जुन्या फोनची ही तक्रार नव्हती.

त्याच मावशीच्या टोपलीशेजारी पैसे आले की मराठीत मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स असतो. मला तो अलीकडचा सगळ्यात समंजस इंटरफेस वाटतो. हात माशात, डोळे गिऱ्हाइकावर. मोकळा होता तो कान, त्यालाच त्याने कामाला लावलं. (आवाज बातम्या देणाऱ्या बाईचा आहे, मालवणी नाही. चालायचंच.)

आता हीच मावशी रेशनच्या रांगेत. मशीनवर अंगठा ठेवते, जुळत नाही. पुन्हा ठेवते, जुळत नाही. मीठ, बर्फ, खवले आणि विळी यांत बोटांवरच्या रेषा झिजल्यात. वेंगुर्ल्याकडे काजू सोलणाऱ्या बायकांची तर कातडीच टरफलातल्या तेलाने भाजून निघते. दुकानदार म्हणतो, "मावशे, बोट पूस आणि परत ठेव." ती रांगेकडे बघून ओशाळं हसते, "बोटच माझा वायट."

या वाक्यापाशी मी अडकलो. यंत्राची रचना चुकली तरी माणूस दोष स्वतःकडेच घेतो, हे डॉनल्ड नॉर्मन यांनी १९८८ सालच्या पुस्तकात दारं, नळ, स्विच यांची उदाहरणं देऊन मांडलं. पण दार उघडलं नाही तर माणूस थोडा लाजतो आणि पुढे जातो. इथे तांदूळ अडतो, तोही सगळ्यांदेखत. बोट ओलं आहे, रेषा झिजल्यात की नेटवर्क गेलंय, हे मावशीला कोणी सांगत नाही. आधारच्या पडताळणीत डोळा, चेहरा, ओटीपी असे दुसरे मार्ग आहेत. पण ते मागायला आधी माहीत असायला हवेत. आपण मात्र डिझाइनवर बोलताना डार्क मोड आणि फॉन्टवरच भांडत बसतो.

त्या दिवशी शेवटी डाव्या हाताची करंगळी जुळली. विळीवर मासे कापताना मावशीची ती करंगळी बाजूला, हवेतच असते.