चिनी प्राणिवर्षचक्र : उगम, प्रतीकार्थ आणि अर्थारोप

प्रास्ताविक

उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा व डुक्कर या बारा प्राण्यांच्या चिनी वर्षचक्राला मराठीत बहुधा ‘चिनी राशिचक्र’ असे संबोधले जाते. हा शब्दप्रयोग सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे. मेषादी राशी हे सूर्याच्या भासमान मार्गाचे बारा विभाग होत. चिनी चक्रातील प्राणी हे असे आकाशविभाग नसून कालगणनेतील क्रमांकांचे वाहक आहेत. प्रथम क्रमांक, त्यानंतर प्राणी आणि सर्वांत शेवटी त्या प्राण्याच्या नावे सांगितला जाणारा मनुष्यस्वभाव, असा या चक्राच्या घडणीचा ऐतिहासिक क्रम दिसतो. लोकसमजुतीने तो उलटा केला. या उलटापालटीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उगमाचा प्रश्न

आनयांग येथे सापडलेल्या शांगकालीन अस्थिलेखांत दहा ‘स्वर्गीय स्कंध’ आणि बारा ‘पार्थिव शाखा’ यांच्या जोड्यांनी साठ दिवसांचे चक्र मोजलेले आढळते. इ. स. पूर्व तेराव्या शतकाइतक्या जुन्या या गणनेत शाखांना प्राणी जोडलेले नाहीत. याच पद्धतीने वर्षे मोजण्याचा प्रघात पुढे हान काळात रूढ झाला.

प्राणी कोठून आले, याविषयी विद्वानांत मतभेद होते. फ्रेंच अभ्यासक एदुआर शाव्हान यांनी १९०६ मध्ये या चक्राचे मूळ तुर्की लोकांत असल्याचे मत मांडले. मात्र १९७५ मध्ये हूबेई प्रांतातील शुईहूदी येथे एका छिनकालीन अधिकाऱ्याच्या थडग्यात बांबूपट्ट्यांवरील लेख सापडले आणि चर्चेची दिशा बदलली. इ. स. पूर्व २१७ च्या सुमारास पुरलेल्या या लेखांतील ‘दिनपुस्तका’त शाखांना जोडलेले प्राणी आहेत. तेथे त्यांचे प्रयोजन मोठे लौकिक आहे. चोरी ज्या दिवशी झाली त्या दिवसाच्या प्राण्यावरून चोराचे वर्णन करावयाचे. उंदराच्या दिवशीचा चोर निमुळत्या तोंडाचा, विरळ दाढीचा व हातचलाखीत तरबेज, असे तेथे सांगितले आहे.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे ही यादी आजच्या यादीशी पूर्णपणे जुळत नाही. तीत सातव्या स्थानी हरीण असून घोडा आठव्या स्थानी आहे. अकराव्या स्थानी कुत्र्याऐवजी म्हातारा मेंढा आहे. गान्सू प्रांतातील फांगमातान येथे १९८६ मध्ये मिळालेल्या बांबूपट्ट्यांवर मात्र घोडा सातव्या स्थानी येतो. यावरून शाखांचा क्रम स्थिर होता, परंतु त्या शाखांवरील प्राणी काही काळ तरी बदलते होते, असा निष्कर्ष निघतो.

प्रतीकार्थाची घडण

यादी स्थिरावल्यावर तिच्या समर्थनाची गरज निर्माण झाली. यिन-यांग विचाराच्या आधारे असे सांगण्यात आले की, विषम बोटांचे प्राणी यांग स्थानी व सम बोटांचे यिन स्थानी येतात. उंदराच्या पुढच्या पायांना चार व मागच्या पायांना पाच बोटे असल्याने, यिन संपून यांग सुरू होणाऱ्या मध्यरात्रीचा मान त्याला दिला गेला. सापाला पायच नसल्यामुळे तेथे दुभंगलेली जीभ मोजावी लागली. नियमाला अपवादाची अशी ठिगळे लावावी लागतात, तेव्हा नियम यादीनंतर आला असावा, अशी शंका रास्त ठरते. उंदराने बैलाच्या पाठीवर बसून शर्यत जिंकल्याची व मांजराला फसविल्याची लोककथाही याच प्रकारची होय. तीही आधीच ठरलेल्या क्रमाचे कारण मागाहून सांगते. व्हिएतनामच्या चक्रात तर सशाच्या जागी मांजरच आहे.

या अर्थारोपावरील पहिला बुद्धिनिष्ठ आक्षेप चीनमधूनच आला. इ. स. पहिल्या शतकातील वांग छोंग याने ‘लुनहंग’ या ग्रंथात पंचतत्त्वांच्या जय-पराजयाचा सिद्धांत तपासला. उंदराची शाखा जलाची आणि घोड्याची अग्नीची. जल अग्नीला जिंकत असेल, तर उंदीर घोड्याला पळवून का लावत नाही, असा त्याचा प्रश्न आहे. प्रतीकाला वास्तवाचा दर्जा दिला की कोणती विसंगती उद्भवते, हे त्याने नेमके दाखविले.

प्रतीकाचे सामाजिक परिणाम

वांग छोंगचा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता, हे जपानच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. अग्नितत्त्वाचा स्कंध व घोड्याची शाखा यांचा संयोग साठ वर्षांनी येतो. त्या वर्षी जन्मलेली स्त्री हट्टी व पतीचे आयुष्य कमी करणारी असते, अशी तेथे समजूत आहे. १९६५ मध्ये जपानमध्ये सुमारे १८ लाख २४ हजार बालके जन्मली. १९६६ या ‘अग्निअश्व’ वर्षी ही संख्या सुमारे १३ लाख ६१ हजारांवर आली आणि १९६७ मध्ये १९ लाख ३५ हजारांच्या पुढे गेली. औद्योगिकदृष्ट्या प्रगत समाजातील ही सुमारे २५ टक्क्यांची घट होती. शुईहूदीच्या यादीत मात्र त्याच सातव्या स्थानी हरीण होते.

येथे मराठी वाचकाला परिचित असा एक धागा जुळतो. तिबेटी साठ वर्षांच्या चक्राचा आरंभ १०२७ पासून मानला जातो. कालचक्र परंपरेबरोबर आलेल्या या चक्राचे ‘रबजुंग’ हे नाव ‘प्रभव’ या संवत्सरनामाचे भाषांतर आहे. या चक्रात भारतीय संवत्सरे व चिनी प्राणी एकत्र नांदतात. मराठी पंचांगाची गणनाही त्याच्याशी जुळते. त्यामुळे जपानने ज्या अग्निअश्व वर्षाचा धसका घेतला, ते शके १८८८ चे संवत्सर येथे ‘पराभव’ नावाचे होते. नाव अशुभसूचक असूनही त्या वर्षी अपत्यजन्म टाळण्याची रूढी महाराष्ट्रात नाही. म्हणून येथील समाज अर्थारोपापासून मुक्त आहे, असे मात्र म्हणता येत नाही. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला बाधते किंवा मंगळ असलेली वधू वराला घातक ठरते, या समजुतींची रचना जपानी समजुतीहून वेगळी नाही. तिन्ही ठिकाणी गणनेतील एका खुणेचा भार स्त्रीवरच पडतो.

समारोप

प्राण्यांच्या योगाने अमूर्त क्रमांक सामान्य माणसाच्या स्मरणात राहिले, वय सांगणे सुलभ झाले आणि चित्र, शिल्प व कथा यांना समृद्ध आशय लाभला. हे या चक्राचे सांस्कृतिक मोल निर्विवाद आहे. मात्र काळ मोजण्यासाठी योजलेल्या खुणेने माणूस मोजला जाऊ लागतो, तेव्हा प्रतीकाची मर्यादा ओलांडली जाते. २०२६ हे वर्ष पुन्हा अग्निअश्वाचे आणि मराठी गणनेनुसार गुढीपाडव्यापासून पुन्हा ‘पराभव’ संवत्सराचे आहे. एकाच काळाला दोन समाजांनी दिलेली ही दोन नावे शेजारी ठेवली, की दोष वर्षात नसून वाचनात आहे, ही गोष्ट अधोरेखित होते.