फुटक्या तारवाचा माल : एका कलमाची भाषा

समुद्रात फुटून किनाऱ्यास लागलेल्या तारवातील माल कोणाचा, हा प्रश्न अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अभ्यासकास दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु १४९० ते १६३६ या काळातील निजामशाहीचे मुख्य बळ घाटावर असले, तरी चौल व दंडाराजपुरी या बंदरांच्या द्वारे तिचा संबंध थेट समुद्राशी होता. पुढे त्या किनाऱ्याच्या मोठ्या भागावर शिवछत्रपतींचा अंमल बसला; आणि १६७४ च्या मे-जून महिन्यांत, राज्याभिषेकाच्या सुमारास, रायगडावर या प्रश्नाची उघड चर्चा झाली.

इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने मांडलेल्या कलमांत, इंग्रजांची फुटलेली तारवे व त्यांतील माल परत मिळावा, अशी एक मागणी होती. वाटाघाटीत तिच्यावर दोन आक्षेप आले : असे करणे कोकणच्या कायद्याविरुद्ध आहे, आणि इंग्रजांस सवलत दिल्यास फ्रेंच, डच इत्यादीही तीच मागतील. या आक्षेपांचे वाचन दोन प्रकारे करता येते. एकात राजाचा लोभ दिसतो, दुसऱ्यात सार्वभौमत्वाचा अभिमान. दोन्ही वाचने अपुरी आहेत. कारण दोन्हींत कलमाची भाषा तपासलेली नसते.

आपल्यापुढे असलेला ‘कायदा’ हा शब्द इंग्रजी नोंदीतून आलेला आहे. मराठी दप्तरात अशा ठिकाणी शिरस्ता, वहिवाट, हक्क हे शब्द शोभतात. शिरस्ता हा राजाच्या लहरीहून वेगळा आणि लिखित विधीहूनही वेगळा होय. शिवाय तो केवळ कोकणचा नव्हे. इंग्लंडातही असा माल मूलत: राजाचाच मानला जाई, १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या विधीने एवढीच मर्यादा घातली की, माणूस, कुत्रा वा मांजर जिवंत निसटल्यास माल वर्ष व एक दिवस मालकासाठी राखून ठेवावा. उलट, काकतीय गणपतिदेवाच्या १२४४-४५ च्या मोटुपल्ली शिलालेखात, पूर्वीचे राजे भग्न नौकांचे सर्वस्व हरण करीत, आपण मात्र ठरीव शुल्काखेरीज काही घेणार नाही, असे अभय दिलेले आहे. तेव्हा ‘पूर्वेचा लोभ आणि पश्चिमेचा न्याय’ ही विभागणी टिकत नाही.

खरी उणीव निराळीच आहे. रायगडावरील चर्चेत पक्ष दोनच होते : मालक आणि राजा. लाटांत उतरून माल बाहेर काढणाऱ्या किनाऱ्यावरील माणसास त्या कलमात स्थान नव्हते. माल कोणाचा, या प्रश्नाबरोबरच तो वाचविणाऱ्याचे देणे किती व ते कशातून फेडावे, हा प्रश्न उभा राहतो. भारतातील १९५८ च्या व्यापारी नौवहन अधिनियमाने तो ओळखला होता. मालकाने एका वर्षाच्या आत हक्क शाबीत करावा आणि वाचवणाऱ्याचा मोबदला व इतर खर्च देऊन माल सोडवून घ्यावा, अशी त्यात तरतूद होती. २०१७ च्या नौ-अधिकारिता अधिनियमाने अशा मोबदल्यास जहाजावरील अग्रहक्कांत स्थान दिले.

येथे मराठी शब्दसंपत्ती विशेष उपकारक ठरते. तरांडे, तारू, तारणे हे शब्द ‘तॄ’ या धातूच्या कुळातले मानावे लागतात. ‘तारण’ या शब्दास मात्र व्यवहारात कर्जापोटी ठेवलेल्या वस्तूचा अर्थ आला. नेमके हेच नाते प्रस्तुत विषयात आहे. वाचवणारा मालाचा मालक होत नाही. त्याचा मोबदला मिळेपर्यंत माल त्याच्या देण्यास तारण असतो. ‘तारणे’ आणि ‘तारण’ येथे एकाच व्यवहाराची दोन अंगे होतात. ‘सोडवून घेणे’ ही क्रियाही गहाणाच्या व्यवहारातलीच. असे असता विधिभाषेसाठी नवे बोजड समास घडविण्याची घाई समर्थनीय नाही.

हा प्रश्न केवळ कोशाचा नव्हे. मे २०२५ मध्ये ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ बुडाले, तेव्हा त्यातील पेट्या वाहत किनाऱ्यास आल्या. अशी पेटी कोकणात लागली, तर तिच्याजवळ प्रथम पोचणारा मनुष्य बहुधा मराठी बोलणारा असेल. माल आपला नाही, परंतु रीतसर वाचविल्यास श्रमांचे मोल मागता येते, हे त्यास त्याच्या भाषेत कळले पाहिजे. ते न कळल्यास त्याच्यापुढे चोरी आणि उदासीनता एवढेच दोन मार्ग उरतात. १६७४ च्या चर्चेत जो पक्ष अनुपस्थित होता, त्याला आजच्या विधिभाषेत तरी स्थान मिळणे अवश्य आहे.