नायिका गेली, मालिका चालूच

जुलै २०२५मध्ये 'क्योंकि सास भी कभी बहू थी' नव्या रूपात स्टार प्लसवर परतली, तेव्हा स्मृती इराणी यांच्या तुलसीशेजारी तिचा नवरा मिहिर म्हणून अमर उपाध्याय उभे होते. वरवर पाहता यात नवल वाटत नाही. पण जुन्या मालिकेत उपाध्याय यांनी मिहिर साकारला तो २००० ते २००२ एवढाच काळ. मग थोडे दिवस इंदर कुमार आले आणि त्यानंतर २००८मध्ये मालिका संपेपर्यंत मिहिर होते रोनित रॉय. म्हणजे ज्या नटाने ही भूमिका सर्वांत जास्त वर्षे निभावली, तो बाजूला राहिला आणि पाव शतकानंतर निर्मात्यांना पहिलाच चेहरा हवासा वाटला. सुरुवातीच्या काळात कथेत याच मिहिरचा मृत्यू दाखवला, तेव्हा घरोघरी एवढी हळहळ झाली की त्याला परत आणावे लागले होते.

पहिला चेहरा असा मनात घर करतो, हे मालिका बनवणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. तरीही मुख्य कलाकार बाहेर पडला की झटपट दुसरा उभा केला जातो आणि काही घडलेच नाही अशा थाटात कथा पुढे रेटली जाते. मालिका अशी चालू ठेवावी का? ठेवता येते. मात्र त्यासाठी कथा नव्याने रचावी लागते, आणि ते कष्ट आपल्या वाहिन्या क्वचितच घेतात.

कलाकार बदलण्याचे मराठी प्रेक्षकाला वावडे नाही. 'नटसम्राट' नाटकातले अप्पासाहेब बेलवलकर १९७०मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी यांनी ते आपापल्या ताकदीने पेलले. 'ती फुलराणी' नाटकातली भक्ती बर्वे यांची फुलराणी नंतर सुकन्या कुलकर्णी आणि अमृता सुभाष यांनी साकारली. लक्ष्मण देशपांडे ज्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त एकटे डझनावारी पात्रे रंगवत, तो एकपात्री प्रयोगही त्यांच्या पश्चात संदीप पाठक यांनी केला. रसिकांनी तुलना केली, वाद घातले आणि तिकिटेही काढली.

मग मालिकेतच का खटकते? नाटकाची संहिता बहुतेक वेळा नट येण्याआधी लिहून झालेली असते. 'नटसम्राट'चे शब्द कुसुमाग्रजांचे, नट त्या शब्दांपाशी जातो. दैनंदिन मालिकेत हा प्रवास उलटा असतो. हातात जेमतेम काही भागांची बेगमी असते, प्रसंग कधीकधी सेटवरच हातात पडतो. संवाद लिहिणाऱ्याने कालचे भाग पाहिलेले असतात. अमुक अभिनेत्री रागावली की गप्प होते, तमुक नट वाक्य अर्धवट सोडतो, हे हेरून तो पुढचे लिहितो. सहा महिन्यांत पात्र निम्मे लेखकाचे आणि निम्मे कलाकाराचे होऊन बसते. कलाकार गेला की हा अर्धा वाटा त्याच्यासोबत निघून जातो, आणि तो केवळ तशीच साडी नेसवून भरून येत नाही.

'अग्गंबाई सासूबाई'चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१९मध्ये झी मराठीवर आलेल्या या मालिकेत सून शुभ्रा आपल्या सासूचे, आसावरीचे, दुसरे लग्न लावून देते. मराठी मालिकेला हा विषय नवा होता. तेजश्री प्रधान यांची शुभ्रा ठाम, हसरी, आपल्या मतांची होती. रवी पटवर्धन यांचे आजोबा पुढे मोहन जोशी यांच्याकडे गेले; पटवर्धन डिसेंबर २०२०मध्ये वारले. तो बदल प्रेक्षकांनी समजून घेतला, कारण आजोबांचा स्वभाव तोच राहिला. मार्च २०२१मध्ये मात्र मालिका 'अग्गंबाई सूनबाई' झाली. आसावरी झालेल्या निवेदिता सराफ आणि तिच्या दुसऱ्या नवऱ्याच्या भूमिकेतले गिरीश ओक कायम राहिले, शुभ्रा झाल्या उमा पेंढारकर आणि तिचा नवरा सोहम झाले अद्वैत दादरकर. काळ पुढे सरकला आणि सासूचे लग्न लावणारी ती सून नवऱ्यासमोर दबून वागणारी, सोसणारी बाई झाली. दोष उमा पेंढारकर यांच्या अभिनयाचा नव्हता. जिच्यावर लोकांनी जीव लावला, ती शुभ्राच कागदावरून पुसली गेली होती. ऑगस्टमध्ये मालिका संपली.

याच्या उलट 'माझ्या नवऱ्याची बायको'तली शनाया. रसिका सुनील २०१८मध्ये परदेशी शिकायला गेल्या, त्यांची जागा ईशा केसकर यांनी घेतली आणि २०२०मध्ये रसिका परतल्या. दोन्ही वेळा कुरबुर झाली, पण पात्र टिकले. हाव, नखरा, आळस, नायिका राधिकाशी उभा दावा अशा ठळक रेषांनी शनाया आखलेली होती आणि त्या रेषा कोणी बदलल्या नाहीत. शिवाय मालिकेचा कणा होत्या अनिता दाते यांच्या राधिका, आणि त्या जागेवर होत्या.

कलाकाराचे निधन हा तर फारच नाजूक मामला. अमेरिकेत 'एट सिम्पल रूल्स' या विनोदी मालिकेतले वडील म्हणजे जॉन रिटर. ११ सप्टेंबर २००३ रोजी सेटवर तालमीच्या वेळी त्यांना त्रास सुरू झाला आणि त्याच दिवशी ते गेले. दुसऱ्या पर्वाचे तीनच भाग तेव्हा तयार होते. निर्मात्यांनी वडिलांच्या भूमिकेत दुसऱ्या नटाला आणले नाही. कथेतले वडीलही गेल्याचे सांगणारा तासाभराचा भाग केला, कुटुंबाला रडू दिले, आणि मग आजोबा व एक भाचा घरात आणून मालिका २००५पर्यंत चालवली. लोकप्रियता पूर्वीइतकी राहिली नाही, पण प्रेक्षकांच्या दुःखाची तिथे दखल घेतली गेली. आपल्याकडे 'तारक मेहता का उल्टा चष्मा'मधले डॉ. हाथी, म्हणजे कवी कुमार आझाद, जुलै २०१८मध्ये गेले. काही आठवड्यांत निर्मल सोनी डॉ. हाथी बनून कथेतल्या सोसायटीत वावरू लागले. त्यांनी ही भूमिका आधीही केली होती हे खरे, पण लाखो मुलांनी ज्या माणसावर प्रेम केले त्याच्यासाठी कथेत एक संध्याकाळही थांबू नये, हे क्रूर होते.

याच मालिकेने नायक जेठालालची बायको दया हिच्या बाबतीत जे केले ते त्याहून वाईट. दया साकारणाऱ्या दिशा वकानी २०१७मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि परतल्या नाहीत. तो त्यांचा पूर्ण हक्क. निर्मात्यांपुढे दोन सरळ वाटा होत्या: नवी दया आणावी, नाहीतर दयाला कथेतून सन्मानाने निरोप द्यावा. त्यांनी दोन्ही टाळल्या आणि दयाला अहमदाबादेत माहेरी ठेवले. 'दया येणार' हे गाजर दाखवून कितीतरी भाग रंगवले गेले. २०२३च्या दिवाळीत पुन्हा तेच झाले, तेव्हा संतापलेल्या प्रेक्षकांनी समाजमाध्यमांवर बहिष्काराची हाक दिली. जेठालाल साकारणारे दिलीप जोशी हे गंभीर प्रसंगही तोलणारे नट आहेत. बायकोच्या गैरहजेरीत घर चालवणारा, मुलाला वाढवणारा जेठालाल त्यांनी उत्तम केला असता. तशी कथा मनापासून लिहिली असती तर मालिकेला दुसरे आयुष्य मिळाले असते.

मालिका बंद करा, असे म्हणणे सोपे आहे. एका सेटवर प्रकाशयोजना, रंगभूषा, वेशभूषा, कॅमेरा, स्पॉट अशा कामांतल्या कितीतरी लोकांची रोजची मिळकत असते, आणि वाहिनीला ती अर्ध्या तासाची वेळ रिकामी ठेवता येत नाही. हे ओझे खरे आहे. पण तेच तंत्रज्ञ, तोच सेट, तोच लेखक यांना नवी कथा देता येते. तसे मात्र घडत नाही: जानेवारी २०२५मध्ये तेजश्री प्रधान 'प्रेमाची गोष्ट' या मालिकेतून बाहेर पडल्या आणि स्वरदा ठिगळे तिची नायिका मुक्ता झाल्या, तेव्हाही प्रेक्षकांच्या तक्रारी जुन्याच होत्या. वाहिन्यांनी करार करतानाच शेवट ठरवला तर यातले बरेच टळेल. दूरदर्शनवरच्या तेरा किंवा सव्वीस भागांच्या मालिकांना कुठे थांबायचे ते पहिल्या दिवशी माहीत असे, आणि कलाकारालाही आपले किती महिने द्यायचे ते कळत असे. आज एखाद्या मराठी वाहिनीने दीडशे भागांची, शेवटापर्यंत लिहून झालेली कौटुंबिक मालिका रात्री आठच्या वेळेला लावून पाहावी.