स्वर्गीय राज्य आणि पार्थिव सीमा : कोसोवो संघर्षातील धार्मिक प्रतीकांची चिकित्सा

प्रस्तावना

भूप्रदेशाविषयीच्या राजकीय संघर्षात धार्मिक भाषा शिरली की वादाचे स्वरूपच पालटते. जमिनीची वाटणी होऊ शकते. पवित्र भूमीच्या वाटणीची चर्चाही पाप ठरते. कोसोवोचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कारण तेथील भूमीवरील दाव्यासाठी ज्या काव्याचा आधार घेतला गेला, त्याचा मूळ आशय पार्थिव राज्याच्या त्यागाचा आहे.

काव्यातील लझार

२८ जून १३८९ रोजी कोसोवोच्या मैदानावर झालेल्या लढाईत सर्ब अधिपती लझार आणि ऑटोमन सुलतान पहिला मुराद या दोघांचाही अंत झाला. या लढाईवरील गीते गुस्ले या तंतुवाद्याच्या साथीने, आपल्याकडील पोवाड्यांप्रमाणे, मौखिक परंपरेने टिकली. एकोणिसाव्या शतकात वुक काराजिच यांनी ती संकलित केली. त्यांतील एका गीतात जेरुसलेमहून आलेला ससाणा लझारपुढे पार्थिव आणि स्वर्गीय राज्याचा पर्याय ठेवतो. पार्थिव राज्य अल्पकालीन म्हणून लझार स्वर्गीय राज्य स्वीकारतो. युद्धपूर्व मेजवानीच्या प्रसंगावर ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाची छाया आहे. लझार ख्रिस्ताच्या, तर वुक ब्रांकोविच यहूदाच्या स्थानी येतो. ब्रांकोविचच्या फितुरीला समकालीन पुरावा नाही. पराभूत समाजाला सावरणारी ही प्रतिमासृष्टी होय.

राजकीय पुनर्वाचन

न्येगोश यांच्या १८४७ च्या 'गोर्स्की वियेनात्स' या नाट्यकाव्यात विश्वासघाताचा आरोप एका व्यक्तीवरून इस्लाम स्वीकारणाऱ्या स्लाव समूहाकडे सरकतो. रूपकाचे हे स्थलांतर निर्णायक ठरले. लढाईच्या सहाशेव्या स्मृतिवर्षानिमित्त लझारच्या अस्थी मठामठांतून फिरविण्यात आल्या. मार्च १९८९ मध्ये कोसोवोची स्वायत्तता संकुचित करण्यात आली आणि त्याच वर्षी २८ जून रोजी गाझिमेस्तान येथे स्लोबोदान मिलोशेविच यांचे भाषण झाले. त्या भाषणात विविध समुदायांच्या सहजीवनाचा उल्लेख आहे आणि सशस्त्र लढायांची शक्यता नाकारता येत नाही, असेही सूचन आहे. स्थळ, दिवस आणि अस्थी यांनी निर्माण केलेल्या संदर्भात दुसरे विधानच अधिक ठळक झाले. स्वर्गासाठी भूमी सोडणारा लझार अशा रीतीने भूमीचा दावेदार बनला.

अल्बानियन राष्ट्रवादाने स्वतःचा पाया धर्म नसून भाषा असल्याचे सांगितले. तरीही प्रतीकांवरील आघातांपासून दोन्ही बाजू मुक्त राहिल्या नाहीत. १९९८-९९ च्या युद्धात अनेक मशिदी उद्ध्वस्त झाल्या. मार्च २००४ च्या दंगलीत सर्ब ऑर्थोडॉक्स चर्च आणि मठ जाळले गेले. प्रार्थनास्थळ हे मालकीचा दाखला मानले गेले की ते शत्रूचे लक्ष्यही ठरते.

निष्कर्ष

देचानीसारख्या मध्ययुगीन मठाविषयीची सर्ब भाविकांची श्रद्धा खोटी नाही. तिला संरक्षण मिळणे न्याय्यच आहे. परंतु श्रद्धेचा अधिकार आणि सार्वभौमत्वाचा अधिकार या भिन्न गोष्टी आहेत. कोसोवोने १७ फेब्रुवारी २००८ रोजी स्वातंत्र्य घोषित केले. ही घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करीत नाही, असे सल्लागार मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये दिले. सर्बियाने मात्र ते स्वातंत्र्य मान्य केलेले नाही. कायद्याचे मत श्रद्धेच्या भाषेतील दाव्याला निरुत्तर करू शकत नाही. तेथे समीक्षेचे कार्य सुरू होते : प्रतीकाला त्याच्या मूळ संहितेसमोर उभे करणे. लझारचे गीत पूर्ण वाचल्यास त्यात सीमारेषेचा आग्रह आढळत नाही.