भाव सांगणाऱ्या बाईचे काय?

दलित साहित्याच्या समीक्षेने वेदना, विद्रोह आणि नकार हे शब्द मराठीला नव्या अर्थाने दिले, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. मेलेले ढोर ओढणारा, मैला वाहणारा, गिरणीतला बदली कामगार, नाक्यावर उभी राहणारी वेश्या, ही माणसे या समीक्षेच्या केंद्रस्थानी आली. परंतु डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला निघालेली, रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसलेली बाई मात्र तिला दिसली नाही. आपल्या साहित्यात ती नाही असे नव्हे. कितीतरी पानांवर ती आहे. पण तिच्या दुःखाखाली आपण रेघ ओढली आणि तिच्या व्यवहाराची पाने उलटून पुढे गेलो. माझा आक्षेप या वाचनाला आहे.

पांढरपेशा ललित लेखनाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तेथे बोहारीण किंवा भाजीवाली दारावर येते ती गृहिणीच्या घासाघिशीला विनोद पुरवण्यासाठी. तिची आरोळी सकाळच्या वातावरणनिर्मितीला कामी येते. तिने माल उधारीवर उचलला की व्याजाने पैसे काढून, दुपारी ती पाणी कोठे प्याली, हे लेखकाला ठाऊक नसते. प्रस्थापितांकडून ती अपेक्षाही नाही. प्रश्न आपला आहे.

बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये महारवाड्यातल्या बाया सरपणाच्या मोळ्या विकायला ब्राह्मण आळीत जातात. मोळी हवी असते. मात्र लाकडाला यांच्या डोक्याचा केस, लुगड्याचा दोरा चिकटून आला नाही ना, हे त्यांनाच निरखून पाहायला लावले जाते. उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) मध्ये आई बांबूची आयदाने विणते आणि लहान मुलगी ती घरोघर पोचवते. आयदानावर पाणी शिंपडले जाते, मग ते घरात जाते. पैसे वरून हातावर टाकले जातात.

हे दोन्ही प्रसंग महाविद्यालयात अस्पृश्यतेची उदाहरणे म्हणून शिकवले जातात. मीही शिकवले आहेत. ते बरोबरच आहे. पण तेवढ्यावर थांबणे बरोबर नाही. त्या लाकडावर त्याच घरातला स्वयंपाक शिजणार असतो, त्या आयदानात त्याच घरातले धान्य पाखडले जाणार असते. वस्तू चालते, हात चालत नाही. आणि तरीही हातावर पडलेला तो पैसा भीक नव्हे, दान नव्हे. ती किंमत आहे. वरून टाकणाऱ्याला हे नेमके कळत असते. म्हणून तर तो वरून टाकतो! किंमत देताना देणारा आणि घेणारा एका पातळीवर येण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी हाताची उंची वाढवावी लागते.

बलुतेदारीशी ताडून पाहा. वर्षभर गावाची कामे करायची आणि सुगीला शेतकऱ्याच्या मर्जीने मिळेल ते पदरात घ्यायचे. त्यात महाराला भाव सांगण्याचा अधिकारच नव्हता. दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' (१९७८) हे नाव दिले, पण त्या पुस्तकात मुंबईचा कावाखानाही आहे. तेथल्या बाया रस्तोरस्ती चिंध्या, कागद, काचा, बाटल्या, लोखंड गोळा करतात, निवडतात आणि विकतात. काम घाणीचेच आहे. पण समोर पाटील नाही आणि विकायचा माल स्वतःचा आहे. बलुत्यापासून भावापर्यंतचे हे अंतर कितीसे, असे कोणी विचारील. ज्यांच्या पिढ्यांनी फक्त 'वाढा' म्हटले त्यांच्या लेकींनी 'एवढे पडतील' म्हणावे, हे अंतर मला मोठे वाटते.

बाजार मुक्तिदाता आहे असे मात्र मी म्हणत नाही. जातीने बाजारालाही आपले कप्पे पाडून दिले. मुंबईच्या गिरण्यांत साचे खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण तुटलेला धागा जोडताना तोंडाला लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला होता. बाजाराचा न्याय तोच. तोंडात जाते ते अस्पृश्याच्या हातून कोण घेणार? म्हणून त्याच्या वाट्याला सरपण, गवत, केरसुण्या, टोपल्या. आज शहरात दलित बाई वडापाव, पोहे, चहा विकते. हा बदल लहान नाही. परंतु माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितले ते असे, की त्याची आई बाबासाहेबांची तसबीर घरात लावते, गाडीवर लावत नाही. गिऱ्हाईक तुटेल, म्हणते. बाबुराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ साली प्रसिद्ध केले. गाडीवर ती चोरी अजून चालू आहे, आणि तिच्यावर कथा कोणी लिहिली असेल तर निदान माझ्या वाचनात नाही.

आपल्यातल्या काही डाव्या मित्रांना या बाईचे काय करावे हे कळत नाही. ती मजूर नाही, तिला मालक नाही. म्हणून ती छोटी मालकीण, आणि म्हणून संशयास्पद! दोन टोपल्या मेथीची ही मालकीण!

शहराच्या भाषेत तिचे नाव एकच आहे: अतिक्रमण. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात रस्त्यावरचा व्यवसाय हा, वाजवी बंधनांच्या अधीन राहून, घटनेच्या १९ व्या कलमातील मूलभूत हक्क मानला. २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला. सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला उठवू नये, नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत व त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, अनुसूचित जाती-जमातींनाही स्थान असावे, असे त्यात लिहिले आहे. लिहिलेले आणि घडणारे यांतील अंतर आपल्या वाचकांना नवे नाही. गाडी येते, पाटी उलथते, काटा उचलला जातो. आणि फेरीवाले हटवा या अर्जावर सह्या करणाऱ्यांत आता आपलीही नावे असतात. आरक्षणाने मिळालेल्या नोकरीतून सोसायटीत घर झाले की गोणपाटावरची बाई आपल्यालाही 'अडथळा' दिसू लागते. यावर आपल्या परिसंवादांतून एक शब्द नसतो.

हे अधिक खटकते, कारण दलित साहित्य वाचकाच्या हाती दिले ते मोठ्या प्रमाणात रस्त्यानेच. सहा डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर, धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरला दीक्षाभूमीच्या परिसरात, ताडपत्रीवर पुस्तके मांडली जातात. खेड्यातून आलेला माणूस तेथेच बाबासाहेबांचे भाषण, कवितासंग्रह, दिनदर्शिका विकत घेतो. ज्या वस्तीत पुस्तकाचे दुकान नाही, तेथे पुस्तक असे पोचले. साहित्याच्या इतिहासात प्रकाशकांची, संपादकांची नावे येतात. ताडपत्रीवाल्यांचे एकही नाव येत नाही. आणि बेबीताईंनीही फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसूनच लिहिले, नवऱ्यापासून लपवून.

माझी शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. यंदा या आत्मकथनांवर प्रश्न काढाल तेव्हा 'दलित स्त्रीच्या वेदनेचे चित्रण' हा कायमचा प्रश्न वगळा. विद्यार्थ्यांना कॉलेजच्या फाटकापाशी बसणाऱ्या बाईकडे पाठवा. माल कोठून उचलला, पैसे किती व्याजाने घेतले, सकाळची भवानी कोणाच्या हातची झाली, गाडी आली तेव्हा आधी काय उचलून पळाली, हे तिच्याच शब्दांत लिहून आणायला सांगा.