तळे, पाखरे आणि माणसाचा हात : मराठी निसर्गलेखनाच्या एका गृहीतकाची चिकित्सा

१

निसर्गविषयक मराठी गद्याचा विचार करताना समीक्षा पुष्कळदा एक गृहीतक न तपासताच स्वीकारीत असते. ते असे की, निसर्ग आणि मनुष्य हे दोन परस्परविरोधी पक्ष असून मनुष्याचा वावर जितका कमी तितका निसर्ग अधिक शुद्ध. या गृहीतकातून लेखकांचे मूल्यमापनही आपोआप ठरून जाते. जो लेखक वाचकाला वस्तीपासून अधिक दूर नेतो तो अधिक अस्सल निसर्गलेखक, असा एक अलिखित दंडकच तयार होतो. ‘मानवी हस्तक्षेप’ हा आज सर्रास वापरला जाणारा शब्दप्रयोग याच भूमिकेतून रूढ झाला आहे. हस्तक्षेप म्हणजे ज्या कामाशी आपला संबंध नाही त्यात हात घालणे. म्हणजे चौकशी सुरू होण्यापूर्वीच निवाडा शब्दात येऊन बसलेला असतो.

अरण्याच्या संदर्भात हे गृहीतक काही काळ टिकून राहते; तळ्याच्या संदर्भात मात्र ते पहिल्याच पायरीवर अडखळते. लोणारसारखा एखादा अपवाद वगळला तर महाराष्ट्रातील बहुतेक मोठे जलाशय कोणी ना कोणी बांधलेले आहेत. रामसर कराराच्या यादीत महाराष्ट्रातील जी पाणथळ जागा सर्वप्रथम गेली (ही घोषणा २०२० च्या जानेवारीत झाली), ती नांदूर-मधमेश्वरची जागा गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश अमदानीत घातलेल्या बंधाऱ्याने निर्माण झालेली आहे. तेथे पाणी अडले, गाळ साठला, उथळ दलदल तयार झाली आणि मग पाखरे आली. येथे मनुष्याचा हात निसर्गात मागाहून शिरलेला नाही. तो आरंभापासूनच त्या निसर्गाचा एक घटक आहे. तेव्हा प्रश्न हात असावा की नसावा हा नसून, तो कसला असावा हा आहे. मराठी निसर्गलेखनातील काही प्रमुख ग्रंथ आणि काही तळ्यांचा इतिहास शेजारी ठेवून हा प्रश्न तपासून पाहण्याजोगा आहे.

२

या संदर्भात मराठीतील तीन लेखकांच्या भूमिका तीन भिन्न दिशा दाखवितात.

दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची बांधणी स्थलानुसारी नसून कालानुसारी आहे. महिन्यामागून महिना येतो आणि त्याबरोबर झाड, पान, फूल, आकाश यांची रूपे पालटत जातात. येथील निसर्ग लोकसंस्कृतीपासून तुटलेला नाही. महिन्यांची नावे, त्यांच्याशी जडलेले सण आणि संकेत यांतूनच तो प्रकट होतो. मनुष्य या चित्रात आहे की नाही, हा प्रश्नच तेथे उपस्थित होत नाही, कारण महत्त्व चक्राला आहे आणि माणूसही त्या चक्राखालीच आहे.

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी याच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या कादंबरीत वानरांच्या टोळ्यांचा प्रदेशासाठी आणि प्रभुत्वासाठी चाललेला संघर्ष आहे. माणसाला बाजूस सारून प्राण्यांचे जग त्यांच्याच नियमांनी रंगविण्याचा हा प्रयत्न मराठीत असाधारण ठरला, यात संशय नाही. परंतु ही कलात्मक निवड आहे, सृष्टीविषयीचा सिद्धान्त नव्हे, याचे भान सुटले की वर उल्लेखिलेल्या गृहीतकाला या कृतीचा आधार मिळाल्यासारखे वाटू लागते. लेखकाने चौकटीबाहेर ठेवलेला माणूस प्रत्यक्ष जंगलातही नव्हताच, असे वाचक समजू लागतो.

तिसरे लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५). सोलापूर येथे जन्मलेल्या चितमपल्लींचे बहुतेक आयुष्य वनखात्याच्या नोकरीत, विशेषतः विदर्भाच्या जंगलात गेले. २००६ मध्ये सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘अरण्यऋषी’ ही उपाधी त्यांच्या नावाशी अशी काही चिकटली आहे की तिची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. वस्तुतः ही उपाधी त्यांच्या लेखनातील सर्वांत मोलाचा भाग झाकून टाकते. ऋषी म्हटला की एकान्त आला, समाजापासून दूर जाणे आले. चितमपल्लींचे ज्ञान मात्र एकान्तात मिळविलेले नाही. आदिवासी, ढीवर, पारधी, गुराखी यांच्याकडून त्यांनी शब्द गोळा केले, पाखरांच्या व माशांच्या सवयी समजून घेतल्या आणि त्या भांडवलावर मराठीचा पक्षिविषयक शब्दसंग्रह समृद्ध केला. बगळ्यांच्या वीणवसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसतिस्थानाला ‘काकागार’ ही नावे मराठी वाचकास त्यांच्यामुळे परिचित झाली. शब्द देणारे लोक तेथे असल्याशिवाय असा कोश उभा राहत नाही. ‘अरण्यऋषी’ या प्रतिमेत या लोकांना जागा उरत नाही, हा त्या प्रतिमेचा दोष होय.

३

चितमपल्लींच्या लेखनाशी ज्या स्थळाचे नाव कायमचे जोडले गेले ते नवेगावबांध. गोंदिया जिल्ह्यातील हे तळे टेकड्यांच्या कुशीत वसलेले असून त्याचा विस्तार सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. १९७५ मध्ये हा परिसर राष्ट्रीय उद्यान झाला आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाला. हिवाळी पाखरे, बिबट्या, सांबर यांमुळे वाचकाच्या मनात नवेगावचे जे चित्र उमटते ते रानाचे. परंतु गावाच्या नावातच ‘बांध’ आहे. हे तळे अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधले, अशी परंपरागत माहिती आहे. कोहळी ही तलाव बांधण्यात आणि ऊस पिकविण्यात निष्णात अशी जात. चांद्याच्या गोंड राजाने त्यांचे पूर्वज काशीहून आणविले, अशी आख्यायिका ब्रिटिश काळातील नोंदींतही आढळते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो लहानमोठे तलाव आहेत. त्यांची रीत समजून घेतल्याशिवाय त्यांवरील पाखरांचा उलगडा होत नाही. पावसाळ्यात तलाव भरतो, जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तलावाकडे जाते. पावसाने ओढ दिली की धानाला पाणी सोडले जाते आणि तलाव उतरू लागतो. पाणी मागे हटताना काठाशी जो उथळ, चिखलाचा पट्टा उघडा पडतो त्यावर चिखले पक्षी चरतात. मधल्या पाण्यात कमळ, शिंगाडा, देवधान यांच्या आश्रयाने मासे वीण घालतात आणि बदके उतरतात. उन्हाळ्यात उघडा पडलेला गाळ शेतकरी शेतात नेतात. त्यामुळे तलावाची खोली टिकते आणि शेताला खत मिळते. म्हणजे पाखरांना जे हवे ते पाण्याचे वार्षिक चढउतार शेतीच्या गरजेनेच घडवून आणलेले होते.

सारस हे याचे ठळक उदाहरण आहे. महाराष्ट्रात हा पक्षी आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि त्याच्या लगतच्या भागात उरला असून त्याची संख्या काही दशकांत मोजण्याइतकीच आहे. तलावाच्या दलदलीप्रमाणेच तो धानाच्या बांधीतही घरटे घालतो. धानशेती संपली तर सारसाचे काय, हा प्रश्न ‘मनुष्यस्पर्शरहित निसर्ग’ या कल्पनेच्या कक्षेत मांडताच येत नाही. त्याच शेतात कीटकनाशके आली आणि शेतावरून विजेच्या तारा गेल्या तेव्हा तोच पक्षी मरू लागला, हेही तितकेच खरे. एकच शेत त्याचा आसराही झाले आणि सापळाही.

ही जुनी व्यवस्था आदर्श होती, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. तलावाचा मालक मालगुजार होता. बांध घालणारे आणि गाळ उपसणारे हात बहुधा दुसऱ्यांचे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली, ती न्याय्यच होती. परंतु मालकी सरकारकडे आली तेव्हा देखभालीची रीत मात्र तिच्याबरोबर आली नाही. ‘माजी मालगुजारी तलाव’ या सरकारी नावाचे लोकांनी ‘मामा तलाव’ करून टाकले. पुष्कळ तलाव गाळाने भरले, काठांवर अतिक्रमणे झाली, अमेरिकेतून आलेल्या बेशरम या वनस्पतीने उथळ पट्टा व्यापला, आणि बाहेरून आणलेल्या जलद वाढणाऱ्या माशांचे बीज सोडल्याने स्थानिक जाती मागे पडल्या. यांतील गाळ आणि बेशरम ही दोन संकटे हात काढून घेतल्यामुळे बळावली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अलीकडे याच भागातील काही ढीवर मच्छीमारांनी बेशरम उपटून आणि देशी पाणवनस्पती लावून तलाव सावरण्याचे काम हाती घेतले आहे. तेही ‘हस्तक्षेप’च म्हणावे लागेल, पण त्यात निषेधार्ह काही नाही.

४

विदर्भाचा हा अनुभव एकाकी नाही. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव हे तर या प्रश्नाचे जणू प्रयोगस्थानच ठरले. अठराव्या शतकातील बांधामुळे पाणी मिळालेला हा खोलगट प्रदेश पुढे संस्थानिकांचे शिकारक्षेत्र झाला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या उपस्थितीत एका दिवसात ४,२७३ पाखरे मारल्याची नोंद आहे. मनुष्याचा हात किती विध्वंसक होऊ शकतो याला यापेक्षा स्पष्ट पुरावा नको. म्हणून संरक्षणाची मागणी उभी राहिली ती योग्यच होती. परंतु राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तेथील गुरेचराईही बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून असे निष्पन्न झाले की, म्हशी हटल्यावर पाणगवताची बेसुमार वाढ होऊन उघडे पाणी कमी झाले आणि त्यामुळे अनेक पाणपक्ष्यांची हानी झाली. ज्या संस्थेच्या कार्याशी सलीम अली यांचे आयुष्य निगडित होते आणि चराईबंदीला ज्यांचा पाठिंबा होता, त्यांच्याच संस्थेने हा निष्कर्ष मांडावा, हे शास्त्राच्या सचोटीचे लक्षण होय. मात्र गोळीबारात गेलेली माणसे त्या निष्कर्षाने परत आली नाहीत. चुकीच्या गृहीतकाचे मोल केवळ बौद्धिक नसते.

उलट उदाहरण मणिपूरच्या लोकटाक सरोवराचे. त्यावरील फुमदी, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचे तरंगते थर, उन्हाळ्यात पाणी उतरले की तळाशी टेकत, तेथील मातीतून पोषण घेत आणि पावसाळ्यात पुन्हा वर येत. याच थरांवर केइबुल लामजाओ येथील संगाई हरणाचे जीवन अवलंबून आहे. १९८३ मध्ये इथाई येथील बंधारा कार्यान्वित झाला आणि विजेसाठी पाण्याची पातळी वर्षभर उंच ठेवली जाऊ लागली. फुमदी तळाशी टेकणे थांबले, थर पातळ होत गेले आणि हरणांच्या पायाखालचा आधार कमकुवत झाला. बांध नवेगावलाही आहे आणि इथाईलाही. भेद इतकाच की, एक बांध पाण्याचे वार्षिक चढउतार सांभाळतो, दुसरा ते थांबवितो.

५

या सर्व विवेचनातून एक कसोटी हाती येते. जलाशयाच्या बाबतीत मनुष्याचा स्पर्श झाला की नाही, ही कसोटी निरुपयोगी आहे. तो स्पर्श ऋतूंचे चक्र राखतो की मोडतो, ही खरी कसोटी होय. शिकारीची बंदूक, कीटकनाशक आणि बारमाही उंच ठेवलेले पाणी यांनी चक्र मोडते. गाळ उपसणारे फावडे, पाणगवत खाणारी म्हैस आणि धानाला सोडलेला पाट यांनी ते राखले जाऊ शकते. हे राखणेही प्रमाणावर अवलंबून आहे. चराई अतोनात झाली तर तीही विध्वंसकच ठरेल. म्हणून सरसकट विधानापेक्षा प्रत्येक तळ्याचा स्वतंत्र अभ्यास आवश्यक ठरतो.

हीच कसोटी साहित्याला लावली तर मराठी निसर्गलेखनाचा क्रम थोडा निराळा दिसू लागतो. ‘ऋतुचक्र’ हे केवळ ललित शैलीचे लेणे न राहता एक विचारसूत्र म्हणून पुढे येते. ‘सत्तांतर’चे यश अबाधित राहते, पण ते एका विशिष्ट मर्यादेत केलेल्या निवडीचे यश म्हणून. आणि चितमपल्लींचे महत्त्व ते अरण्यात एकटे गेले यात नसून, अरण्याच्या आणि तळ्याच्या काठी राहणाऱ्या माणसांचे शब्द घेऊन परत आले यात आहे, असे म्हणावे लागते. ढीवराच्या भाषेत माशाला, पाणवनस्पतीला, पाण्याच्या उतरत्या कडेला जी वेगवेगळी नावे आहेत ती तळ्याच्या देखभालीचीच साधने आहेत. तलाव बुजला की ती नावे निरर्थक होतात. आणि नावे विसरली गेली की तलावात काय नाहीसे झाले हेही कोणास सांगता येत नाही.

पदव्युत्तर अभ्यासकाला येथे प्रत्यक्ष कामाचे क्षेत्र आहे. निसर्गलेखनाची समीक्षा केवळ वर्णनसौंदर्याच्या चर्चेवर थांबू नये. वर्णिलेले तळे कोणी बांधले, पाणी कोणाच्या शेतात गेले, गाळ कोणी उपसला, आणि लेखकाला पाखराचे नाव कोणी सांगितले, हे प्रश्न साहित्यबाह्य मानले जातात. पण त्यांच्या उत्तरांवाचून त्या वर्णनाचा अर्थही पुरता लागत नाही. नवेगावच्या बांधावर उभे राहून केवळ पाखरे पाहणाऱ्याने आपल्या पायाखालचा बांधही पाहिला पाहिजे.